गाळ्याचे भाडे आणि भाड्यापलीकडचा खर्च

नाशिकमध्ये मेन रोडवर किंवा कॉलेज रोडवर लहान व्यवसायासाठी गाळा घेताना महिन्याचे भाडे म्हणजेच जागेचा खर्च असे बहुधा धरले जाते. वास्तविक करारनाम्याचा प्रकार, दोन्ही पक्षांची करनोंदणी आणि वीजजोडणीचा वर्ग यांवरही तो ठरतो.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा यांतील सर्वांत चिवट समज. १९०८ च्या नोंदणी कायद्याने वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यांनाच नोंदणी सक्तीची केल्याने तो रुजला असावा. परंतु महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे जागेत हक्क निर्माण न करता ती वापरण्याची दिलेली परवानगी, हीदेखील लेखी व नोंदणीकृतच असावी लागते आणि ती जबाबदारी मालकाची असते. हा खर्चही वाटतो तेवढा नसतो: दरमहा २५,००० रुपये भाडे, दीड लाख अनामत आणि तीन वर्षांची मुदत असल्यास एकूण भाड्यात अनामतीवरील वार्षिक १० टक्के व्याज मिळवून येणाऱ्या ९,४५,००० रुपयांवर ०.२५ टक्के, म्हणजे सुमारे २,४०० रुपये मुद्रांक शुल्क आणि महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी लागते. दलाली त्याहून जड जाते, हे वेगळे.

मालकाची जीएसटी नोंदणी नसेल तर कर नाही, हेही आता खरे नाही. १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा मालकाचा व्यापारी गाळा नोंदणीकृत भाडेकरूने घेतल्यास १८ टक्के कर भाडेकरूनेच सरकारजमा करायचा असतो. नियमित करदात्याला त्याचे क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून वजावट, मिळू शकते आणि कंपोझिशन योजनेतील, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या, व्यापाऱ्याला ही तरतूद पुढे लागू राहिली नाही, मात्र मालक नोंदणीकृत असेल तर त्याच कंपोझिशन व्यापाऱ्याला २५,००० वर ४,५०० रुपये द्यावे लागतात, तेही क्रेडिटविना.

घरगुती मीटरवर तळमजल्यावरील खोलीत दुकान चालवणे स्वस्त पडते, हा समज वीज तपासणीपर्यंतच टिकतो. वीज कायदा, २००३ च्या कलम १२६ खाली अशा वापराची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते.

मालमत्ता कर मुळात मालकाचा असला, तरी तो थकल्यास महापालिका भोगवटादाराकडे, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याकडे, येऊ शकते. नाशिक महापालिकेने २०१८ मध्ये वार्षिक भाडेमूल्याचे दर वाढवले तेव्हा शहरात मोठा विरोध झाला होता. मुदतीत अशी वाढ झाल्यास ती कोणी सोसायची, याचे कलम मात्र अनेक छापील करारनाम्यांत नसते.