दार उघडं ठेवून केलेली प्रार्थना

प्राणहितेच्या काठचा बेज्जूरचा मुलूख आधी निजामाच्या राज्यात होता, पुढे आदिलाबाद जिल्ह्यात राहिला आणि २०१६ पासून कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडतो. नदी ओलांडली की गडचिरोली लागते. तेलुगू, मराठी आणि गोंडी अशा तीन भाषांच्या या सरहद्दीवर ख्रिस्ती उपासनाही दोन वाटांनी आली. एक वाट चर्च ऑफ साउथ इंडियाच्या मेदक धर्मप्रांताची. दुसरी सिरो-मलबार कॅथलिकांची. त्यांचं चांदा मिशन १९६२ साली सुरू झालं आणि १९९९ मध्ये त्यातूनच आदिलाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. कुठल्याही वाटेनं आलेला माणूस मंडळीत एक आमंत्रण हमखास ऐकतो. कष्टानं आणि ओझ्यानं दमलेल्यांनी माझ्याकडे यावं, मी त्यांना विसावा देईन, अशा अर्थाचं येशूचं हे बोलणं मत्तयाच्या शुभवर्तमानात, अकराव्या अध्यायात आहे. कापसाचं पीक पावसाच्या हवाली आणि पिकाच्या भरवशावर काढलेलं कर्ज, अशा मुलखात हे आमंत्रण देखणं वाक्य म्हणून ऐकून सोडून देता येत नाही. ते खरं असेल तर कोणत्या अर्थानं खरं आहे, हे विचारावंच लागतं. माझं म्हणणं असं, की प्रार्थनेतून मिळणारा विसावा म्हणजे काम थांबणं नव्हे आणि संकट टळणंही नव्हे. आपली लायकी आपणच कमवायची, आपला अखेरचा आधार आपणच व्हायचं, या सक्तीतून झालेली ती सुटका आहे. अशी सुटका झालेला माणूस निवांत बसत नाही, उलट जास्त धीरानं कामाला लागतो. याचा सर्वांत ठळक पुरावा मराठी मुलखातच आहे, तो म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी रूढी झुगारून आधी पत्नीला आणि मग मुलीलाही संस्कृत शिकवलं. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत फिरे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांच्याजवळचं सारं संपलं. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत गेलं, उपास झाले, अनुष्ठानं झाली, आणि आईवडील व बहीण पाठोपाठ गेले. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढच्या चार वर्षांत भाऊ गेला, पतीही गेले, आणि तान्ही मुलगी मनोरमा कडेवर घेऊन त्या पुण्याला आल्या. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. भक्तीची, उपासनेची, नेमाची या बाईला कधीच कमतरता नव्हती. नेम करूनही मनाला स्वस्थता का नाही, हा त्यांचा प्रश्न होता.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. सोपी धर्मकथा इथेच संपली असती. रमाबाईंनी मात्र १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत वेगळंच लिहून ठेवलं आहे: बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. मला हा कबुलीजबाब फार मोलाचा वाटतो. धर्म बदलला तरी हिशेब तोच राहिला होता. पूर्वी व्रतांनी पुण्य जोडायचं, आता सत्कृत्यांनी आणि योग्य मतांनी. १८९१च्या सुमारास त्यांना उमगलं, की देवाची कृपा ही मजुरी नव्हे. ती आधीच दिलेली आहे आणि आपण ती नुसती घ्यायची आहे. ख्रिस्ती प्रार्थनेतल्या विसाव्याचा गाभा हाच. माणूस देवासमोर बसतो तो आपल्या वहीतली जमा दाखवायला नव्हे. वहीच मिटून ठेवायला.

आता हा विसावा खरा होता की मनाची समजूत, हे त्यानंतरच्या आयुष्यावरून तपासता येतं. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. बेज्जूरच्या पलीकडचा चांदा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. स्वतः दुष्काळातून वाचलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली व विधवा बायका त्यांनी पुण्याजवळच्या केडगावला आणल्या. १९०० सालच्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनची वस्ती गावाएवढी झाली. विहिरी खणल्या गेल्या, शेती उभी राहिली, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, शाळा, अंध मुलींचं शिक्षण हे सगळं तिथे चाले, आणि चालवत बायकाच. त्या गजबजाटात सामुदायिक प्रार्थना रोजची होती. १९०५च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थना करायला कोण येईल असं विचारलं, तेव्हा सत्तरेक जणी आल्या. जूनपर्यंत त्या साडेपाचशेच्या घरात गेल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस केडगावात ज्या धार्मिक जागृतीची लाट उसळली, तिचा बोलबाला जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत झाला. रडणं, मोठ्यानं पापकबुली, रात्ररात्र प्रार्थना असं बरंच तेव्हा घडलं, आणि त्याबद्दल तेव्हाही दुमत होतं. मला त्या भरतीपेक्षा तिच्या आधीची आणि नंतरची वर्षं जास्त बोलकी वाटतात. जात्यावर आणि मागावर रोज बसणाऱ्या बायका रोजच प्रार्थनेला बसत होत्या, आणि एका कामामुळे दुसरं अडत नव्हतं.

यावर पहिला आक्षेप मानसशास्त्राच्या अंगानं येतो. मन शांत करण्याचे उपाय अनेक आहेत. श्वासावर लक्ष द्या, डोळे मिटून बसा, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणा. शरीर सैल होतं, नाडी मंदावते. मग देवाला मध्ये आणायचं कशाला? या आक्षेपातलं खरं तेवढं मान्यच करावं. प्रार्थनेचा शरीरावर होणारा परिणाम ही काही ख्रिस्ती लोकांची मक्तेदारी नाही. पण स्तोत्रसंहिता उघडून पाहा. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं तक्रारीची आहेत: देवा, तू कुठे लपलास, दुष्टांचं इतकं बरं का चाललंय, आणखी किती दिवस. नुसती स्वस्थता हेच ध्येय असतं तर ही स्तोत्रं उपासनेतून केव्हाच गाळली गेली असती. प्रार्थनेत माणूस कुणाला तरी उद्देशून बोलतो. तो भांडतो, कबुली देतो, शेजाऱ्यासाठी मागणं करतो, आणि कित्येकदा बसला होता त्यापेक्षा अस्वस्थ होऊन उठतो. मध्यस्थीच्या प्रार्थनेत ज्याचं नाव रोज घेतलं, त्याच्या दारी जाणं मग टाळता येत नाही. हा विसावा एकट्यानं ओझं वाहण्याची सक्ती संपल्याचा आहे. त्यात अस्वस्थतेलाही जागा आहे.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. गरिबाला विसाव्याचं वचन देणं म्हणजे त्याला अन्याय सोसायला शिकवणं. मार्क्सनं धर्माला अफू म्हटलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच परिच्छेदात त्यानं धर्माला पिडलेल्या जिवाचा उसासाही म्हटलं आहे, हे सहसा सांगितलं जात नाही. प्रार्थना अफूसारखी वापरली गेली आहे, मालकांच्या सोयीनं वापरली गेली आहे, हा इतिहास नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रार्थनेचा तो अटळ परिणाम असता तर रमाबाई सर्वांत आधी मुकाट झाल्या असत्या. घडलं उलट. बाप्तिस्मा दिला म्हणून वाँटेजच्या अँग्लिकन वडीलधाऱ्यांनी त्यांची श्रद्धा साच्यात बसवू पाहिली, तेव्हा त्यांनी तिथल्या सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांमागून पत्रं लिहून वाद घातला. एका धर्मगुरूच्या सत्तेतून सुटून दुसऱ्याच्या सत्तेत जायला आपण आलेलो नाही, सदसद्विवेकबुद्धी देवानं आपल्याला दिली आहे, अशी त्यांची भूमिका होती. ज्याची लायकी देवानं ठरवली, त्याला ती बिशपकडून किंवा सनातन्यांकडून मंजूर करून घ्यावी लागत नाही. नारायण वामन टिळकांचंही तेच झालं. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीनं तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्ताकडे आलो असं मानलं, प्रार्थना अभंगांत आणली, आणि १९१७ साली मिशनच्या पगाराची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला.

रमाबाईंच्या विरोधकांचा एक आक्षेप मात्र आजही झटकून टाकता येत नाही. त्यांनी मुली-विधवांसाठी चालवलेल्या शारदा सदन या शाळेच्या सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर होते. शाळा कुणाच्याही धर्मात ढवळाढवळ करणार नाही, या अटीवर ते त्यात आले होते. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत, तेव्हा दार उघडं असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. बाईंचं म्हणणं, आपण कुणाला बोलावत नाही आणि येणारीला घालवूनही देत नाही. मंडळाचं म्हणणं, आश्रयाला आलेल्या कोवळ्या मुलीवर आश्रयदात्रीच्या उदाहरणाचं दडपण येतंच. १८९३ साली मंडळातल्यांनी राजीनामे दिले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे असं मला वाटतं. स्वतःची प्रार्थना लपवायला लावणं ही गळचेपीच. पण जिथे अन्न आणि छप्पर एकाच्या हाती असतं, तिथे उघड्या दारालाही एक ओढ असते. प्रार्थनेतून स्वातंत्र्य मिळतं असा दावा करणाऱ्यानं समोरच्याच्या ‘नाही’ची काळजी आपल्या ‘हो’पेक्षा जास्त घ्यायला हवी. दवाखाने आणि शाळा चालवणाऱ्या प्रत्येक मिशनला, आदिलाबाद-चांद्याच्या मिशनलाही, हे तितकंच लागू आहे.

राहिला सर्वांत जुना प्रश्न, न मिळालेल्या मागण्यांचा. ख्रिस्ती परंपरेला त्याचं उत्तर बाहेर शोधावं लागत नाही, कारण खुद्द येशूचीच गेथशेमाने बागेतली विनवणी मान्य झाली नाही. प्याला टळावा अशी त्याची मागणी होती. प्याला टळला नाही. रमाबाईंनी आपल्या मागे काम सांभाळील म्हणून तयार केलेली एकुलती मनोरमा १९२१च्या जुलैत गेली. बाई तेव्हा बायबलच्या मराठी भाषांतरात गुंतल्या होत्या. गरीब बायांना वाचता यावं अशा साध्या भाषेत ते करायचं होतं, आणि त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या, आणि त्याचे खिळे जुळवायच्या त्या केडगावच्याच बायका. लेक गेल्यावरही काम थांबलं नाही. भाषांतर पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या.

म्हणूनच मागितलं की मिळतंच असं सांगणाऱ्या प्रार्थनासभांशी या परंपरेचं नातं लावणं चूक आहे. गावोगावी अशा सभा भरतात. ताप उतरेल, कर्ज फिटेल, मूल होईल, फक्त विश्वास पुरेसा हवा, असं तिथे सांगितलं जातं. मग ताप उतरला नाही की दोष आजाऱ्याच्या विश्वासाचा. ज्या हिशेबातून रमाबाई १८९१ साली सुटल्या, तोच हिशेब नव्या नावानं पुन्हा माणसाच्या मानेवर बसतो, आणि उपचार लांबले तर जिवावरही बेततो. पाळकानं रोग्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना जरूर करावी. पण ती करून झाल्यावर त्याला कागजनगरच्या दवाखान्यात नेण्यासाठी गाडी बघावी, आणि गोळ्या चालू ठेवायला सांगावं. कर्जाखाली वाकलेल्या शेतकऱ्यासाठी प्रार्थना करणाऱ्या मंडळीनं त्याच्याबरोबर बँकेत जावं, विम्याचा अर्ज भरून द्यावा. पीक गेलं म्हणून हा माणूस देवाच्या नजरेतून उतरलेला नाही, हे त्याला घरच्यांसमोर स्पष्ट सांगावं. तेवढं पटलेला शेतकरी सावकाराशी मान वर करून बोलू शकतो.