भरभर लिहिल्यासारखी अक्षरं

नारायणगावात यात्रांच्या हंगामाआधी तमाशाफडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात, तेव्हा त्यांची पहिली नजर फडाच्या फलकावर जाते. पेंटरने ब्रशने रंगवलेल्या फलकावर हाताचं वळण दिसायचं. फ्लेक्स आला आणि ते वळण यंत्राकडे गेलं. म्हणूनच हस्ताक्षरी फॉन्टकडे नीट पाहायला हवं.

हाताचं अक्षर या भागाला नवं नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या लेखातली ब्राह्मी आहे. तिथले अंक भारतातल्या सर्वांत जुन्या अंकांपैकी आहेत. पण ते छिन्नीचं अक्षर. खरं धावतं अक्षर म्हणजे मोडी. पानभर आधी शिरोरेषा ओढायची आणि मग बोरू शक्य तितका न उचलता तिच्याखाली लिहीत जायचं. विल्यम कॅरीने १८१० साली आपला मराठी कोश बंगालमधल्या श्रीरामपूरहून मोडीच्या खिळ्यांत छापला. अडचण तिथेच आहे. हात अक्षराला अक्षर जोडत जातो, आणि खिळा मात्र एकटा उभा राहतो.

संगणकाने ही अडचण बरीच कमी केली. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीने २०१४ साली आणलेला, लिपी रावल यांचा ‘कलम’ हा फॉन्ट पाहा. अक्षरं किंचित उजवीकडे कललेली, पेनाने भरभर उतरवल्यासारखी. तीन वजनं आहेत आणि प्रत्येकात हजारावर आकार, कारण जोडाक्षरांना तेवढे लागतातच. शिवाय तो मोफत आहे. अर्थात तोही हात नव्हे. ‘मामाच्या मामीला’ लिहून बघा. चारही ‘म’ हुबेहूब सारखे येतील. माणसाचे कधी येत नाहीत. सुलेखनकार अच्युत पालव यांनी मोडी आणि देवनागरी एकत्र आणून केलेली मुक्तलिपी पाहिली की हा फरक लगेच डोळ्यांत भरतो.

मग हस्ताक्षरी फॉन्ट वापरायचा कुठे? जिथे कुणीतरी आपल्याशी बोलतंय असं वाटायला हवं, तिथे. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं निमंत्रण, बचतगटाच्या लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठी, आंबेगावच्या डोंगरातल्या हिरड्याचं पाकीट, गोष्टीच्या पुस्तकातलं मुलाचं पत्र. दोन-चार ओळींपुरता तो गोड लागतो. पानभर मजकुरात डोळा थकतो. औषधाची मात्रा, ग्रामपंचायतीची नोटीस, परीक्षेची प्रश्नपत्रिका यांत तो नकोच; तिथे सरळ उभं अक्षर हवं. शोकसंदेशाच्या फ्लेक्सवर हे खेळकर वळण दिसलं की मला फार खुपतं.

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगावच्या डीटीपीवाल्यांना एक विनंती आहे. कुठलाही हस्ताक्षरी फॉन्ट घेण्याआधी त्यात ‘ल’ आणि ‘श’ टाइप करून पाहा. मराठी ल पाकळ्यांचा असतो आणि श देठाचा. हिंदी वळणाचे दिसले, तर दुसरा फॉन्ट शोधा.