'फास्टिंग' म्हणजे उपवास नव्हे

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजी शब्द घरात आला की तो माझ्याकडे येतो. आई चौथी शिकलेली; एका वृद्धाश्रमात मावशी म्हणून रात्रपाळी करते. मागच्या वर्षी एका संध्याकाळी तिचा फोन आला. "अगं, सिस्टर सांगून गेल्या, आजींचं उद्या फास्टिंग आहे. म्हणजे काय गं?" मी ऐटीत सांगितले, "उपवास." आईने पहाटे त्या मधुमेही आजींना चहा आणि राजगिऱ्याचा लाडू दिला. उपवासाला चालतोच की! रक्त न्यायला आलेला माणूस तसाच परत गेला. बोलणी आईला बसली. चूक माझी होती.

रक्त घेण्यापूर्वी निदान आठ तास साध्या पाण्याखेरीज पोटात काहीही जाऊ न देणे, हे फास्टिंग. शब्दकोशाच्या दृष्टीने मी बरोबर होते, आजींच्या दृष्टीने नव्हते. त्या दिवसापासून आम्ही मायलेकींनी एक वही घातली. शब्द मी लिहायचा, काम आईने सांगायचे, आणि चूक असेल ती सिस्टरांनी दाखवायची.

वहीतला सर्वात मोठा मजकूर 'बेडसोअर'चा आहे. पुस्तकी भाषेत शय्याव्रण. हा शब्द ऐकून आईला हसूच आले. ती म्हणाली, "बैलाच्या मानेला जू लागतं ना, तशी माणसाला गादी लागते." मला याहून नेमकी व्याख्या कुठे मिळाली नाही. माकडहाड, खुबा, टाच, कोपर अशा ठिकाणी हाड कातडीच्या अगदी जवळ असते. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की तिथला रक्तपुरवठा दबतो आणि कातडी आतून मरू लागते. पहिली खूण म्हणजे बोटाने दाबल्यावरही पांढरा न पडणारा लाल डाग. सावळ्या अंगावर तो चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून ती जागा गरम किंवा कडक लागते का ते पाहावे. अशा डागावर तेल चोळू नये. मायेने केलेली ती मालीश आतली इजा वाढवते. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. यालाच 'पोझिशन देणे' म्हणतात. रात्री दोन वाजता आईला जाग असते ती यासाठी.

'टीपीआर' म्हणजे ताप, नाडी आणि श्वास. मोठ्या माणसाची नाडी स्वस्थ बसलेली असताना मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २०. श्वास मोजतो आहोत हे मात्र सांगायचे नाही. सांगितले की माणूस निराळाच श्वास घेऊ लागतो!

अंथरुणावर घालायच्या रबरी कापडाला सगळे 'मेकिन्टॉश' म्हणतात. १८२३ साली जलरोधक कापडाचे पेटंट घेणाऱ्या चार्ल्स मॅकिन्टॉश या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाचे हे नाव. आईला ते कापड रोज धुवावे लागते, तिला या माहितीचे विशेष वाटले नाही.

'फाउलर पोझिशन' म्हणजे पाठीला आधार देऊन अर्धवट बसवणे. भरवताना हे हवेच, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. त्याला 'अ‍ॅस्पिरेशन' म्हणतात आणि त्यातून न्यूमोनियाही होतो. जेवणानंतरही निदान अर्धा तास आडवे करायचे नाही. लकवा झालेल्यांचे कपडे हा तर आईचा हातखंडा विषय. घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. याला इंग्रजी नाव असेलही, आम्ही शोधले नाही.

एका शब्दावरून मात्र आमचे भांडण झाले. 'डिमेन्शिया'. आमच्या गल्लीत याला म्हातारचळ म्हणतात. आईही तेच लिही म्हणाली. मी म्हटले, चळ म्हटले की दोष माणसाचा होतो; हा तर मेंदूचा आजार आहे. आई बराच वेळ गप्प राहिली. आमची आजी शेवटी शेवटी जेवूनही "मला उपाशी ठेवलं" म्हणायची, आणि आम्ही सगळे तिच्यावर चिडायचो. आईने मग वही माझ्यापुढे सरकवली. "आजार लिही," म्हणाली.

पहिल्या पानावर फास्टिंगपुढे मी चहाचा कप काढून त्यावर फुली मारली आहे. ते पाहून आई म्हणाली, "लाडूचंही काढ."