कपाटातला पावसाळा

जुलै म्हणजे स्टेटसवर भज्यांचे फोटो, वीकेंडला ट्रेकचे प्लॅन आणि सकाळी सातच्या लेक्चरला निघताना कपाट उघडलं की भस्सकन नाकात शिरणारा तो वास. कुबट! टॉवेल धुतलेला, चादर धुतलेली, टी-शर्टची तर घडीही मोडलेली नाही. तरी सगळ्याला एकच वास. मग डिओचे चार फवारे जास्त मारायचे आणि लोकलमध्ये शेजारचा जरा बाजूला सरकला की उगाच मोबाइलमध्ये डोकं घालायचं.

होस्टेल असो, पीजी असो, चौघांनी मिळून भाड्याने घेतलेला फ्लॅट असो की आईबाबांचं घर, पावसाळ्यात हा वास कुणाला सोडत नाही. आणि सगळ्यांचा पहिला उपायही ठरलेला असतो, तो म्हणजे वास झाकायचा. डिओ, सुगंधी पुडी, कपड्यांत ठेवलेली साबणाची वडी. याने दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी कुबट अधिक मोगरा असा नवाच वास तयार होतो. कारण मूळ दुखणं आहे ओल. ती तशीच राहिली तर परफ्यूमचं अख्खं दुकान रिकामं केलं तरी वास परत येणार.

हा वास येतो कुठून?

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. त्यांना खायला सुती कापड, प्लायवूड, धूळ, काहीही चालतं. अडतं ते फक्त ओलीपाशी. हवेतली सापेक्ष आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी जोरात वाढते. जुलैत मुंबईच्या हवेत ती सरासरी ८० टक्क्यांच्याही पुढे असते. त्यात कपाट म्हणजे अंधार, बंद दार आणि ठासून भरलेले कपडे. बुरशीची तर मजाच!

वाढता वाढता ती हवेत उडून जाणारी रसायनं सोडते. आपल्या नाकाला जाणवतो तो कुबट वास त्यांचाच. त्यातलं एक रसायन अळंबीच्या वासातही असतं. काही बुरशी आणि जिवाणू ‘जिओस्मिन’ तयार करतात. पहिल्या पावसानंतर येणाऱ्या मातीच्या वासातही हेच जिओस्मिन असतं. मातीत आपण त्यावर फिदा, उशीच्या अभ्र्यात मात्र नको!

टॉवेलची गोष्ट थोडी वेगळी. सुकलेला टॉवेल नाकाला ठीक वाटतो, पण अंग पुसायला घेतला की लगेच वास मारतो, असं का? २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी अशा कपड्यांमधला मुख्य गुन्हेगार शोधला. मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जिवाणू. हा कपडा वाळला तरी तग धरून राहतो आणि पुन्हा ओल मिळाली की कामाला लागतो. त्यामुळे असा टॉवेल नुसता वाळवून भागत नाही, त्यातला जिवाणूच घालवावा लागतो.

विषय फक्त इज्जतीचा नाही

वास मारणारा टी-शर्ट म्हणजे फार तर थोडी लाज. पण बुरशीचे बीजाणू श्वासातून आत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना दम्याचा आणि श्वसनाचा त्रास अधिक होतो, हे त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. रूममेटला पावसाळाभर शिंका येत असतील, रात्री खोकला लागत असेल, तर ‘वेदर चेंज आहे’ म्हणून सोडून देऊ नका. त्याची उशी, पांघरूण आणि ती ज्या कपाटातून येतात ते कपाट एकदा तपासा. आणि त्रास सुरूच राहिला तर डॉक्टर गाठा.

आधी कपाट रिकामं करा

एक रविवार काढा. कपाटातलं सगळं बाहेर. हो, सगळं. आता नाकाने चाळणी लावा. वास येणारे कपडे एका बाजूला, न येणारे दुसऱ्या बाजूला. मग रिकाम्या कपाटात डोकं घालून वास घ्या. तिथेही येत असेल तर फळ्या आणि मागची बाजू हाताने चाचपा. थंड, ओलसर लागतंय? रंगाचे पोपडे, काळे ठिपके दिसतायत? कपाटामागे बाथरूमची किंवा बाहेरची भिंत असेल तर ओल तिथूनच झिरपत असणार. कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा, म्हणजे मागून हवा खेळेल. भिंतीतूनच पाणी येत असेल तर मात्र फोटो काढून घरमालकाला पाठवा. गळती बंद झाल्याशिवाय पुढचे उपाय टिकणार नाहीत, आणि घर सोडताना डिपॉझिटवरून वाद झाला तर हेच फोटो उपयोगी पडतील.

बुरशी पुसताना तोंडाला मास्क लावा. फळ्या आधी ओलसर फडक्याने पुसा, कारण कोरडं झटकलं तर बीजाणू खोलीभर उडतात. मग पांढऱ्या व्हिनेगरने पुसा आणि पंखा लावून दारं उघडी ठेवून कपाट पूर्ण वाळू द्या. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करायचं नाही, कधीच नाही. त्यातून विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

नव्वद टक्के सुकलेला म्हणजे ओलाच

‘जवळपास सुकलाय, राहिलेला कपाटात सुकेल.’ कपाटात वास येण्याची सुरुवात बहुतेक वेळा या एका वाक्याने होते. मशीनमध्ये स्पिन केल्यावरही चार किलो कपड्यांत साधारण दोन लिटर पाणी उरतं. खोली बंद ठेवून कपडे आत वाळत घातले की ते सगळं पाणी खोलीच्या हवेत जातं आणि तिथून कपाटात. म्हणून दोरीवर दोन कपड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा, पंखा थेट कपड्यांवर सोडा, खिडकी थोडी उघडी ठेवा. जीन्स उलटी करून, कमरेकडून टांगा. शिवणी, खिसे आणि इलॅस्टिक हाताला कोरडे लागले तरच घडी घाला. शंका असेल तर इस्त्री फिरवा, पण इस्त्रीचे गरम कपडे लगेच कपाटात कोंबू नका. वाफ जाऊ द्या, गार होऊ द्या, मग ठेवा.

वास मारणारे सुती टॉवेल आणि पांढऱ्या चादरी कडक गरम पाण्यात डिटर्जंट घालून अर्धा तास भिजवा, मग धुवा. टॉवेलला फॅब्रिक सॉफ्टनर नको. त्याचा थर बसतो आणि टॉवेल पाणी नीट टिपत नाही. मशीनच्या दाराचं रबरही एकदा उलटून बघा, तिथे काळी बुरशी साठलेली असते. मशीन वापरून झालं की दार थोडं उघडं ठेवायचं.

कपाटात काय ठेवाल?

ओल शोषायला कॅल्शियम क्लोराइडचे डबे बाजारात मिळतात. ते हवेतली ओल ओढून घेतात आणि डब्यात पाणी साठतं. ते पाणी खारट असतं, कपड्यांवर सांडू देऊ नका. बजेट टाइट असेल तर फळीवर वर्तमानपत्र अंथरा आणि दर आठवड्याला बदला. ही पुरवणी वाचून झाली की तीही चालेल! पांढऱ्या कपड्यांखाली मात्र कोरा कागद, नाहीतर शाई लागेल. उरलेला वास ओढून घ्यायला वाटीत खायचा सोडा ठेवा.

डांबरगोळ्यांचं काय? त्या कसर लागू नये म्हणून असतात, ओलीवर त्यांचा काही उपयोग नाही. शिवाय नॅप्थलीनच्या गोळ्यांची वाफ घरात तान्हं बाळ असेल किंवा कुणाला ‘जी-सिक्स-पीडी’ची कमतरता असेल तर धोक्याची ठरू शकते. तिथे त्या नकोतच.

ट्रॅडिशनल डेसाठी आईची पैठणी मागून आणली असेल तर तिला जास्त जपा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते. त्याऐवजी मलमलच्या किंवा जुन्या मऊ सुती कापडात गुंडाळा. नेसून झाल्यावर घामाचा दमटपणा जाईपर्यंत सावलीत, वाऱ्यावर ठेवा. रेशमाला कडक ऊन सोसत नाही. आणि कपाट तीन चतुर्थांशच भरा, कपड्यांनाही श्वास घ्यायला जागा लागते.

यंदा दसरा कोण काढणार?

गावाकडे आजही नवरात्राच्या आधी ‘दसरा काढतात’. घरातल्या गोधड्या, चादरी, पांघरुणं, सगळं बाहेर काढायचं, नदीवर किंवा दारात धुवायचं आणि पाऊस ओसरल्यावर पडणाऱ्या लख्ख उन्हात वाळवायचं. कामाची वेळ बघा! चार महिन्यांची ओल साठलेली असते आणि ऑक्टोबरचं ऊन तोंडावर आलेलं असतं. आर्द्रता मोजायचं यंत्र नव्हतं, तरी हिशेब बरोबर होता.

फक्त हे काम वर्षानुवर्षं घरातल्या बायकाच करत आल्या. पाण्याने जड झालेली गोधडी पिळायला दोन माणसं लागतात, हे एकदा पिळून बघितल्याशिवाय कळत नाही. तेव्हा यंदा घरी असाल तर गोधडीचं दुसरं टोक तुम्ही धरा. रूमवर असाल तर चौघांनी मिळून एक रविवार लावा. गादी उन्हात, कपाटाची दारं सताड उघडी आणि डिओ आपल्या नेहमीच्या दोन फवाऱ्यांवर!