आपल्या हायस्कुलाला जोडशाळा हवी

आज आपण जोडशाळेबद्दल बोलू या.

जोडशाळा म्हणजे आपल्या हायस्कुलानं लांबच्या एखाद्या शाळेशी ओळख जोडायची. इकडच्या मुलांनी आपला परिसर तिकडच्यांना सांगायचा, तिकडच्यांनी त्यांचा. आधी पत्रं, मग शाळेतून व्हिडिओ कॉल, जमलं तर सहल. राज्यातल्या काही शाळांत नववीपासून पर्यटन आणि आतिथ्य हा विषय घेता येतो. पाहुण्याचं स्वागत कसं करायचं, माहिती कशी सांगायची, हे त्यात शिकवतात. पण पाहुणाच आला नाही, तर सराव कसा होणार? जोडशाळेमुळे तो पाहुणा मिळतो.

यासाठी सरकारी वाटही आहे. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ ही योजना 2015 साली जाहीर झाली. तिच्यात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावली आहे. बोलायला विषय खूप आहेत. आषाढी एकादशीला इकडे पंढरपूर भरतं. त्याच दिवशी पुरीला रथावरच्या जगन्नाथाला सोन्याचे दागिने चढवतात. पुरीजवळच्या रघुराजपूर गावात घरोघरी पट्टचित्रं काढतात आणि पाहुणे ती बघायला येतात. तिकडेही 2001 पासून ‘मिशन शक्ती’मधून महिलांचे बचत गट उभे राहिले आहेत.

आपल्याकडे सांगण्यासारखं काय आहे, असं काही जणी विचारतात. परळीचा वैजनाथ आहे, अंबाजोगाईची योगेश्वरी आहे. दासोपंतांनी कापडावर लिहिलेली पासोडी आहे. बीडजवळ सोळाव्या शतकातली खजाना विहीर आहे, धारूरचा किल्ला आहे, पाटोद्याकडे नायगावचं मोरांचं अभयारण्य आहे. बीडच्या सीताफळाला तर भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. परक्याला समजावून सांगायचं म्हटलं की मुलगी आधी स्वतः माहिती काढते, आजीला विचारते, वहीत लिहिते.

ओडिशा लांब वाटत असेल तर कोल्हापूर, सांगली घ्या. दसरा-दिवाळीनंतर आपल्या टोळ्या तिकडेच जातात. कित्येक जणींनी तिकडचा फड पाहिला, पण पन्हाळा पाहिला नाही. तिथल्या शाळेशी जोडी झाली, तर आपली मुलगी पाहुणी म्हणून जाईल. आपल्या शिवारातल्या कोप्यांत राहणारी माणसं कुठून येतात, त्यांचं गाव कसं आहे, हे तिथल्या मुलांनाही कळेल.

हे आम्ही एवढं का सांगतो? मुलगी टोळीबरोबर गेली की तिची शाळा बुडते. बुडालेली शाळा पुष्कळदा सुटते, आणि शाळा सुटली की अठराच्या आतच लग्नाची बोलणी सुरू होतात. जोडशाळा एकटी हे थांबवू शकणार नाही. पण पुढच्या महिन्यात कॉलवर किल्ल्याची माहिती मला सांगायची आहे, असं मुलीनं म्हटलं, तर तिला आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवायला एक कारण मिळतं. म्हणून पत्रांची सुरुवात जूनमध्ये करावी आणि ऊसतोडीच्या महिन्यांत ती मुद्दाम चालू ठेवावी.

गटानं काय करायचं? पालकसभेत चार जणींनी मिळून हा विषय मांडा. जोडीसाठी पत्र मुख्याध्यापकांनी शाळेच्या नावानं पाठवायचं असतं. कॉल शाळेतच, बाईंच्या समोर व्हावा. मुलींचे नंबर आणि फोटो कुणाला देऊ नयेत. पाहुणी शाळा आली, तर जेवणाचं काम गटानं घ्यावं. बाजरीची भाकरी, पिठलं, ठेचा. त्याचा दर आधी ठरवा आणि हिशेब गटाच्या वहीत लिहा. सहलीचा खर्च मोठा वाटला, तर पहिलं वर्ष नुसती पत्रंच चालू द्या. त्याला पोस्टाच्या तिकिटापुरतेच पैसे लागतात.

येत्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. नववी-दहावीतल्या आपल्या मुली किती आणि यंदा त्यातल्या किती जणी टोळीबरोबर जाणार आहेत, याची यादी करा. मुख्याध्यापकांकडे जाताना ती यादी सोबत न्या.