मनाची चित्रे आणि त्यांची परीक्षा

'याच्या डोक्यात गणित शिरतच नाही.' 'हिला शिकवणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.' 'सुटीत डोके गंजले.' 'तो रागाने फुटला.' शाळेत आपण ही वाक्ये रोज ऐकतो, आणि बोलतोही. या प्रत्येक वाक्यात एक चित्र दडलेले आहे. कुठे डोके म्हणजे भांडे, कुठे लोखंड, तर कुठे मन म्हणजे कोंडलेल्या वाफेचे पात्र.

मन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आपण त्याला दिसणाऱ्या वस्तूंची रूपे देतो. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० साली एका पुस्तकात मांडले, की अशी रूपके म्हणजे केवळ भाषेचे अलंकार नव्हेत. आपण विचार करतो तोही त्यांच्या आधाराने, आणि पुष्कळदा वागतोही तसेच.

विज्ञानात आपण हेच करतो. अणू समजावताना सूर्यमालेचे चित्र काढतो. केंद्रक मध्ये आणि इलेक्ट्रॉन भोवती, इतपत ते उपयोगी पडते. पण इलेक्ट्रॉन ग्रहांसारखे ठरावीक कक्षेतून फिरत नाहीत. तिथे ते चित्र सोडून द्यावे लागते. मनाच्या चित्रांनाही हीच कसोटी लावता येईल का? दोन उदाहरणे घेऊ.

पहिले चित्र प्रेशर कुकरचे. राग वाफेसारखा साठतो, शिटी झाली नाही तर स्फोट होईल, म्हणून तो बाहेर काढावा, हा सल्ला आपल्या परिचयाचा आहे. उशीला गुद्दे मार, जोरात ओरड, म्हणजे बरे वाटेल. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा सल्ला तपासला. ६०० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या निबंधांवर मुद्दाम अतिशय कडक शेरे देऊन त्यांना राग आणला गेला. मग एका गटाने शेरे देणाऱ्या व्यक्तीला मनात आणून मुष्टियुद्धाच्या सरावाच्या पिशवीवर ठोसे मारले. दुसऱ्या गटाने व्यायामाचा विचार करत ठोसे मारले. तिसरा गट दोन मिनिटे नुसता बसून राहिला.

वाफेचे चित्र बरोबर असते, तर पहिला गट सर्वांत शांत व्हायला हवा होता. घडले उलटे. सर्वांत जास्त राग त्याच गटात उरला, आणि पुढच्या चाचणीत आक्रमकपणाही त्याच गटाने सर्वांत जास्त दाखवला. सर्वांत कमी आक्रमक होता तो नुसता बसलेला गट. कारण समजायला अवघड नाही. वाफ बाहेर गेली की कुकरमध्ये ती कमी होते. राग आणणारी गोष्ट मात्र मनात घोळवली की ती विरत नाही, ताजी राहते. रागाला निखाऱ्याचे चित्र अधिक जुळते: फुंकर घातली तर फुलतो, तसाच ठेवला तर राख धरतो. अर्थात हे चित्रही एका जागी तुटते. राग खऱ्या अन्यायामुळे आला असेल, तर तो निवल्यावर त्या अन्यायाबद्दल बोलावेच लागते.

दुसरे चित्र मेंदू म्हणजे स्नायू, हे. सराव केल्याने मेंदूतील चेतापेशींमधले काही जोड बळकट होतात, एवढ्यापुरते ते खरे आहे. अमेरिकेत नववीच्या १२,००० हून अधिक मुलांना संगणकावर एक तासाहूनही कमी वेळात ही कल्पना समजावण्यात आली, की बुद्धी ठरावीक मापाची नसते, ती वाढवता येते. या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. तुलनेच्या गटापेक्षा, आधी मागे असलेल्या मुलांची सरासरी श्रेणी सुमारे ०.१ अंकाने वाढलेली आढळली. तिथली श्रेणीपट्टी साधारण चार अंकांची असते. म्हणजे परिणाम खरा, पण लहान. अशा अनेक अभ्यासांचा २०१८ साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हाही सरासरी परिणाम लहानच दिसला होता.

२०२२ साली याच प्रकल्पातील माहितीवरून आणखी एक गोष्ट पुढे आली, ती आपल्याला जवळची आहे. ज्या वर्गांतील गणिताचे शिक्षक स्वतः मानत होते की बुद्धी वाढू शकते, तिथे मुलांचे गणितातले गुण सुधारले. उलट मत असलेल्या शिक्षकांच्या वर्गांत तसे दिसले नाही. मुलाला स्नायूचे चित्र द्यायचे आणि शिक्षकखोलीत त्यालाच पालथा घडा म्हणायचे, याचा फारसा उपयोग नाही.

स्नायूचे चित्रही तुटते, ते कुठे हे मुलांना सांगायलाच हवे. नाहीतर 'जमत नाही, म्हणजे मीच कमी मेहनत केली' असा अर्थ मूल काढते आणि दुःखी होते. कधी पद्धत चुकलेली असते, कधी मागच्या इयत्तेतला अपूर्णांक कच्चा असतो, कधी झोप पुरेशी नसते, कधी चष्म्याची गरज असते. तिथे नुसता जोर वाढवून भागत नाही.

वर्गात एक तास यासाठी देता येईल. 'मला राग येतो तेव्हा' किंवा 'मला गणित येत नाही तेव्हा' मनात काय होते, त्याचे चित्र मुलांना काढू द्या. कोणी भिंत काढेल, कोणी चिखलात रुतलेले चाक, कोणी गुंतलेला दोरा. चित्रकला तपासू नका. प्रत्येक चित्रावर तीन प्रश्न विचारा. हे चित्र तुला काय करायला सांगते? ते कुठे जुळते? आणि कुठे जुळत नाही?

भिंत काढणारे मूल बहुधा थांबलेले असते. गुंता काढणाऱ्याला निदान एक टोक शोधता येते. भिंतवाल्या मुलाला आपले चित्र बदलावेसे वाटले, तर कोरा कागद हाताशी ठेवा. आपल्या शिकवण्याचेही एक चित्र काढा आणि हेच तीन प्रश्न मुलांना तुम्हाला विचारू द्या.