धावेचा परीघ आणि नांदगावचे गणेश दैवज्ञ

बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव चढवताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना परीघ म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. लोखंडी पट्टीचं कडं चाकाच्या परिघापेक्षा मुद्दाम किंचित आखूड ठेवायचं, जाळात लालबुंद तापवायचं, फुगलेलं असतानाच लाकडावर बसवायचं आणि लगेच पाणी ओतायचं. निवताना धाव आवळते, आरे तुंब्यात घट्ट बसतात. चाकाचा व्यास चार फूट असेल तर परीघ साधारण साडेबारा फूट होतो. लोखंड पाचशे अंशांनी तापलं, तर तेवढ्या लांबीत सुमारे एक इंचाची वाढ होते. आणि हाच परीघ व्यासाला २२ ने गुणून ७ ने भागून काढला, तर चूक पडते दीड मिलिमीटरची. धावेच्या कामात ती कुठल्या कुठे जिरून जाते.

भास्कराचार्यांना हे नेमकं ठाऊक होतं. ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त त्यांनी परिघाच्या दोन रीती एकाच श्लोकात दिल्या. व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागलं की येतो तो सूक्ष्म परीघ. २२ ने गुणून ७ ने भागलं की येतो तो स्थूल, पण व्यवहाराला पुरेसा. संख्याही शब्दांत गुंफलेल्या आहेत: भ म्हणजे नक्षत्रं २७, नंद ९, अग्नी ३, आकडे उजवीकडून मांडत गेलं की ३९२७. उदाहरणात व्यास घेतला आहे ७. स्थूल रीतीने परीघ २२. सूक्ष्म रीतीने २१ पूर्णांक १२३९ छेद १२५०. शाळेत आपण २२/७ हाच जणू पायचा खरा आकडा म्हणून घोकतो. साडेआठशे वर्षांपूर्वीच्या पाठ्यपुस्तकात मात्र त्याच्यावर ‘स्थूल’ अशी स्वच्छ पाटी लावलेली होती. ती पाटी आपल्या वर्गांतून गळून पडली याचं मला मनापासून वाईट वाटतं.

३९२७ छेद १२५० हा आकडा आर्यभटांच्या घरचा. ४९९ सालच्या ‘आर्यभटीया’त २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला आहे, दोन्ही संख्यांना १६ ने भागून पाहा. आर्यभटांनीही त्याला ‘आसन्न’ म्हटलं, म्हणजे जवळ पोचलेला. किती जवळ? पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर धरला तर या रीतीने तिच्या परिघात शंभर मीटरांहूनही कमी चूक पडते. २२/७ ने सोळा किलोमीटरची.

पण ३९२७ आला कुठून? ‘लीलावती’ रीत सांगते, कारण सांगत नाही. ते सांगितलं कोकणात, मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी. पंचांगवाल्यांच्या घरांत ‘ग्रहलाघवा’मुळे त्यांचं नाव पिढ्यान्‌पिढ्या राहिलं. १५२० च्या त्या ग्रंथात त्यांनी ज्येची, म्हणजे आजच्या साइनची, कोष्टकंच टाळून ग्रहगणित सोपं केलं. १५४५ मध्ये त्यांनी ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ टीका लिहिली आणि तिथे परिघाची उपपत्ती मांडली.

ती हाताने करून पाहण्यासारखी आहे. व्यास १०० घ्या. वर्तुळात बसवलेल्या षट्कोनाची बाजू त्रिज्येएवढी, ५०. सहा बाजू मिळून ३००. आता बाजूचं अर्ध ही भुज, त्रिज्या हा कर्ण. त्यावरून कोटी, म्हणजे काटकोन त्रिकोणाची उरलेली बाजू, काढा. त्रिज्येतून कोटी वजा केली की उरतो शर, म्हणजे बाजूच्या मध्यापासून वर्तुळापर्यंतचं अंतर. अर्धी बाजू आणि शर यांचा कर्ण हीच बारा बाजूंच्या आकृतीची बाजू. बेरीज ३१०.५८ वर जाते. पुन्हा तेच केलं की २४ बाजूंना ३१३.२६, ४८ ना ३१३.९४. गणेश दैवज्ञ असे ३८४ बाजूंपर्यंत गेले आणि परीघ मिळाला ९८,६९४ चं वर्गमूळ, म्हणजे ३१४.१५६. तिथून ३१४.१६ हाकेच्या अंतरावर, आणि १२५० व्यासाला तो होतो ३९२७. ग्रीक गणिती आर्किमिडीजने याच वाटेने ९६ बाजूंवर थांबून परीघ दोन मर्यादांत पकडला होता. केरळच्या माधवांनी तर चौदाव्या शतकात अनंत पदांची श्रेणी मांडून ही वाटच बदलली. पण वर्गमुळामागून वर्गमूळ काढत, कोपऱ्यावर कोपरा झिजवत वर्तुळाकडे सरकणाऱ्या नांदगावच्या या माणसाविषयी मला अधिक जवळीक वाटते. दिलेला आकडा नुसता पाठ करण्यावर त्याचं समाधान झालं नाही.

हे सगळं टिकलं, कारण कुणीतरी ते शिकवत होतं. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ चालवला. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या तिथल्या १२०७ च्या शिलालेखात मठाला मिळालेल्या देणग्या आहेत, आणि शेवटचा मजकूर चक्क जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या विक्रीवरचं राजाचं येणं मठाला दिलं होतं. आणि गावात गोल गोल फिरणाऱ्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल.